सकाळच्या वर्गातलं नाव

जिते,
ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. रोहिणीस,

सगुणा आजीचे पोटभर आशीर्वाद.

तू फोन कर म्हणतेस. पण गौरी यायच्या आदल्या दिवशी तुझा भाऊ गेल्याची बातमी फोनवरनंच आली, तेव्हापासून मी ते यंत्र कानाला लावीत नाय, तुला ठाऊक हाय. म्हणून अंगणवाडीच्या नूतनबाईंना बसवून सांगते, त्या लिहितात. त्या माझी भाषा नीट करतात, मी त्यांचा चहा नीट करते. पत्र शेजारच्या कान्हूच्या हाती देते. तो रोज गाडीने रोह्याला कामाला येतो, पोस्टाआधी पोचवेल.

इकडे वाल फुलावर आलाय. तुझा बाप जगन शिफ्टला जातो, येतो. तुझी आई मालू मात्र अजून बोलत नाय. चार महिने झाले. रांधते, वाढते, विचारलं तर मान हलवते. डॉक्टर म्हणाला, घशाला काय झालेलं नाय. मी मुद्दाम तिच्या भाताला नावं ठेवली, मग तिच्या माहेराला ठेवली, तरी नाय. सून उलट बोलत नाय म्हणून रडणारी सासू मीच पहिली असेन.

आता खरं ते सांगते. दिवस उजाडताना पडवीतल्या तुझ्या भावाच्या खोलीतून आवाज येतो. घोगरा, पुरुषासारखा. इंग्रजी बोलतो. एक वाक्य, मग गप्प, मग पुन्हा एक. खोलीला आतून कडी असते. जगन तेव्हा कामावर, मालू हंडा घेऊन विहिरीवर, घरात मी एकटी. जिवंतपणी तुझ्या इंग्रजीच्या वर्गाला बसवायचं तर त्याला तीनदा हलवायला लागायचं, आता वेळेवर बसतो. हे वाक्य लिहायला नूतनबाई तयार नव्हत्या, मी चहा अडवला.

मी हाक मारलेली नाय. वर्ष भरेपर्यंत आपल्या घरात गेलेल्याला नावाने हाक मारीत नाहीत. मारली तर तो मागं वळतो, त्याची वाट मोडते. तूही मारू नकोस गो.

सुजयरावांना आशीर्वाद. माया कमी करू नकोस, म्हातारीला ते लगेच कळतं.

तुझी आजी,
सगुणा (अंगठा)


रोहा,
ता. १५ जानेवारी २०२५

ती. आजीस,

रोहिणीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण माझ्याकडेही सांगायचं राहिलेलं एक आहे. सुजयनाही सांगितलेलं नाही.

माझा इंग्रजीचा वर्ग सकाळी साडेसहाला भरतो. शिकणारे बहुतेक शिफ्टवाले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येकाचा एक चौकोन असतो, त्यात त्याचा चेहरा, खाली नाव. ऑक्टोबरपासून त्यात एक चौकोन काळा असतो आणि खाली माझ्या भावाचं नाव. त्याची वर्षाची फी मीच भरली होती, त्यामुळे नाव यादीत राहिलं, हे मला कळतं. पण यादीत नाव असणं वेगळं आणि वर्गात येणं वेगळं, आजी. ते नाव रोज साडेसहाला दोन मिनिटं कमी असताना येतं आणि वर्ग सुटला की जातं. चेहरा नाही, आवाज नाही, माईक बंद. हजेरी घेताना मी ते नाव ओलांडते, मग पुढची दोन नावं नीट उच्चारता येत नाहीत. डोलवीचा एक क्रेनवाला आहे, त्याने विचारलं, हा गडी कधीच का बोलत नाही. मी सांगितलं, त्यांच्याकडे रेंज नाही.

एकतीस तारखेला ही तुकडी संपते आहे. नाव पुकारलं की प्रत्येकाने दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं. जो बोलणार नाही, त्याचं नाव संस्था काढून टाकते. मी ठरवलंय, ते नाव पुकारायचंच नाही. आपोआप जाईल. मला दोन भीती वाटतात. पुकारलं आणि तो बोलला नाही तर, आणि बोलला तर.

आईला सांभाळ. तुझ्या आशीर्वादाची आज फार गरज आहे.

तुझी,
रोहिणी


जिते,
ता. २१ जानेवारी २०२५

चि. सौ. रोहिणीस,

आजीचे आशीर्वाद, आणि आज थोडं रागवणंही.

तुझं पत्र नूतनबाईंनी दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी मागच्या अंगणात पेंढ्याच्या उडवीआड जाऊन बसले. या वयात चोरासारखी. मालू हंडा घेऊन निघाली. विहिरीकडे वळायच्या जागी तिनं हंडा खाली ठेवला, घराला वळसा घातला आणि पडवीच्या बाहेरच्या दारानं त्याच्या खोलीत शिरली. कडी लागली.

मी खिडकीच्या फटीतून बघितलं. त्याचा फोन मांडीवर. तू पलीकडून एक वाक्य म्हणतेस, ती तुझ्यामागून म्हणते. तिचा माईक बंद, म्हणून तुला ऐकू येत नाय. एरवी दिवसभर न वापरलेला आवाज, तो गंजलेला येतोय, म्हणून मला पुरुषाचा वाटला.

पहिल्यांदा राग आला. मला एक शब्द नाय, आणि तुझ्या इंग्रजीला तासभर. मग चुलीपुढे बसून विचार केला. आपल्या भाषेतला कुठला शब्द तिनं त्याला म्हटला नव्हता? ऊठ, जेव, सांभाळून जा. ते तोंडात आले की तो येत असेल. तुझ्या इंग्रजीत तिचा त्याच्याशी काय संबंध नाय, म्हणून तिथं जीभ चालते.

आता नीट ऐक. ते नाव निघून गेलं, तर तिची बोलायची एकच जागा जाईल. मग ती कायमची मुकी. तू नाव पुकार. हाक मारू नको म्हणणारी मीच, आता मार म्हणणारीही मीच. हा नियम मला माझ्या सासूनं सांगितला होता, तिला वर गेल्यावर मी उत्तर देईन. तो मागं वळला तर वळू दे. थोडा उशिरा पोचेल, कुठं वेळेवर पोचायचा. जी मागं राहिली तिला आधी बाहेर काढायला पाहिजे.

एवढंच कर, तुला कळलंय हे तिला दाखवू नकोस. आई म्हणून हाक मारलीस तर ती खोली बंद करील.

धीर धर. मी इथं फटीला डोळा लावून हाय.

तुझी आजी,
सगुणा (अंगठा)


रोहा,
ता. ३१ जानेवारी २०२५

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. कान्हू संध्याकाळच्या गाडीने परतायच्या आत लिहिते आहे.

मी नाव पुकारलं. चार महिन्यांनी ते माझ्या तोंडून निघालं. चौकोन काळाच राहिला, पण माईक उघडला. आधी कावळे ऐकू आले, मग तुमच्याकडच्या गाडीचा भोंगा, मग आवाज. तू सांगितलं नसतंस तर मीही फसले असते.

आवाज इंग्रजीत म्हणाला, की माझं नाव अमोल. मी जित्याला राहतो, कंपनीत जातो. माझी ताई मास्तरीण आहे, ती फार ओरडते. वर्ग हसला. मग म्हणाला, की मी येईपर्यंत आई दारात उभी राहते, तिला सांगा, जेवून घे. सगळी पहिल्या महिन्यात शिकवलेलीच वाक्यं.

नंतर प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा असतो. प्रश्न संस्थेने छापून दिलेले. त्याच्या नावापुढचा मी वाचून टाकला आणि मग मला त्याचा अर्थ कळला. या क्षणी तुम्ही कुठे आहात, असा होता.

 मग आई इंग्रजीतच म्हणाली, तो आंघोळीला गेला आहे. येईल. मी त्याची जागा धरून बसले आहे.

आजी, हे तुला ठाऊक नसेल. आंघोळीला जाताना तो फोन तिच्या हातात द्यायचा, ताईचा वर्ग लाव आणि मी येईपर्यंत बस, असं सांगून जायचा. ती बसली आहे.

मी थोडा वेळ माझा कॅमेरा बंद केला. मग कुठल्याही नव्या विद्यार्थ्याला विचारतात तसं विचारलं, तुमचं नाव काय. ती म्हणाली, मालू. मी यादीत त्याच्या नावाखाली तिचं लिहिलं. संस्थेतून फोन आला, की एका जागेवर दोन नावं चालत नाहीत. मी सांगितलं, चालवून घ्या, एकजण यायचा आहे.

तिकडे काय झालं ते कळव. वाट पाहते.

तुझी,
रोहिणी


जिते,
ता. ५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रोहिणीस,

आजीचे आशीर्वाद, यावेळी उरलेसुरले सगळे.

त्या दिवशी मालू खोलीतून निघाली ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि आपल्या भाषेत मला झापलं. की थंडीत भिंतीला चिकटून काय ऐकता, लोक बघतील, ऐकायचं तर आत येऊन बसा. अठ्ठावीस वर्षांत तिनं मला असं सुनावलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मीही उलट सुनावलं. जगनला तिनं जेवताना विचारलं, भात पाहिजे काय. आणखी विचारावं म्हणून त्यानं तीनदा घेतला, मग अंगणात जाऊन बसला. अजून थोडंच बोलते. पण बोलते.

आता सकाळी मीही तुझ्या वर्गात असते. मालू खोलीत चटई घालते. एका कडेला ती, एका कडेला मी, मधली जागा ती मोकळी ठेवते. मी काय विचारत नाय. तुझं इंग्रजी मला कळत नाय, मालू म्हणते ते मी म्हणते. वर्गातल्या कुणी हसलं तर त्याचं नाव कळव.

काल बसून पाय आखडला, म्हणून मधल्या जागी पसरला आणि तसाच मागं घेतला. तिथली चटई ओली होती. बाकी दोन्हीकडे कोरडी. नूतनबाई म्हणतात, दव असेल. घरात, छपराखाली. मी व्हय म्हटलं. मालूला सांगितलं नाय, तूही सांगू नकोस.

आज मी तिथं कोरडा पंचा ठेवून दिलाय.

लेकी, आमच्यावर जीव लावून राहा. चटईवरचे आम्ही तिघं बरे हाओत.

तुझी आजी,
सगुणा (अंगठा)