पखवाजाची कणीक

गुरुजी,

परवा रविवारी सकाळी मी बायकोकडून मूठभर कणीक मागून घेतली. "एवढीशी कशाला? मुंग्यांना जेवायला बोलावलंय काय?" ती म्हणाली. मी ओल्या फडक्यात गोळा बांधला, चामडं नवं चढवून आणलेला तुमचा पखवाज गोणपाटात गुंडाळला आणि शहापूरहून मुरबाडची एसटी धरली. पखवाज मांडीवर होता. चोवीस वर्षं तो माळ्यावर पडून होता, आणि त्याला हात लावायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

डाव्या तोंडाला कणीक किती लावायची ते तुम्ही मला चौथीत असताना शाळा सुटल्यावर शिकवलंत. "जास्त लावलीस तर मुका होतो, कमी लावलीस तर बोंबलतो." आपल्या भजनी मंडळात ताल चुकला की उठून मागच्या रांगेत जायचं, टाळ घ्यायचा आणि पुढच्या गुरुवारी परत पुढं यायचं. तो तुमचाच नियम. मी कितीदा मागं गेलो असेन, पण कधी वाईट वाटलं नाही, कारण परत यायची खात्री असायची.

बाविसाव्या वर्षी मला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. चार महिने इस्पितळात काढून आलो तेव्हा आवाज गेले होते, गोळ्यांनी हात मात्र थरथरायचा. घरी पिशवी टाकली आणि थेट तुमच्या ओटीवर आलो. तुम्ही चहा दिलात. कपाकडे बघत म्हणालात, "भजन बंद केलं रे आमी. माणसंच जमत नाय. तू आराम कर." देवापुढं बसणाऱ्यानं खोटं बोलू नये हेही तुम्हीच शिकवलं होतं, म्हणून तुम्ही खोटं बोलाल हे माझ्या त्या आजारी डोक्यातसुद्धा आलं नाही.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी, सापगावच्या गिरणीवरून तांदळाचं पोतं डोक्यावर घेऊन निघतो आहे. तिथल्या देवळातून तुमचा आवाज येतो. मी खिडकीशी थांबतो. सगळे आहेत. माझ्या जागी तुमचा पुतण्या पखवाजावर बसलाय. तुम्ही वर बघता, आपली नजर मिळते. तुम्ही डोळे मिटता आणि गात राहता. घरी येईपर्यंत मी स्वतःलाच विचारत होतो, हे खरं बघितलं की पुन्हा भास सुरू झाले? दुसऱ्या दिवशी मंडळातल्या एका टाळकऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "व्हय, आता तिथंच बसतो आमी. तुला सांगू नको बोलले गुरुजी." मला दूर ठेवलंत ते मी सोसलं असतं. पण बऱ्या झालेल्या डोक्यावरचा माझा भरवसा तुम्ही घालवलात.

पुढं दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तुमच्या घरून काकूंनी पखवाज आणून दिला. "तुलाच द्यायला सांगितला त्यांनी." मी विचारलं, आणखी काय म्हणाले? "काय नाय."

आता मुरबाडला एका दवाखान्यामागच्या खोलीत दर रविवारी अशाच आजारातून उठलेली तरुण पोरं जमतात. ढोलकी, खंजिरी, टाळ, जे जमेल ते वाजवतात. दोन वर्षं मी त्यांना शिकवतो. मला ती भजनी काका समजायची. माझा आजार मी कुणाला सांगितला नव्हता. डोंगराकडच्या पाड्यावरची एक मुलगी ढोलकी वाजवते. छोटा कार्यक्रम ठरला होता. तालमीत तिसऱ्यांदा तिचा ताल सुटला आणि मी म्हणून गेलो, "तू जरा आराम कर."

तिनं ढोलकी खाली ठेवली. "म्हंजे येऊ नको, असंच ना काका?"

पुढचे दोन रविवार ती आली नाही.

म्हणून परवा मुरबाडला उतरून आधी जीपनं तिच्या पाड्यावर गेलो. ती दारात नाचणी पाखडत होती. पखवाज समोर ठेवून कणीक सोडली तर म्हणाली, "ह्यो ढोल चपाती खातो काय?" मी हसलो, मग सगळं सांगितलं. भिंतीतले आवाज, इस्पितळ, हाताची थरथर, अजून चालू असलेली एक गोळी. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मंग मला आराम कर का बोललात?"

"मला तसंच बोलले होते."

"आनि तुमाला बरं वाटलेलं?"

"नाय."

तिनं कणीक लावली, फार जाड. मी ती तशीच राहू दिली. दुपारी तिला घेऊन मुरबाडच्या खोलीत गेलो, सगळ्यांसमोर तेच पुन्हा सांगितलं आणि पखवाज तिच्या पुढ्यात ठेवला. तिचा ताल सुटला. कुणी मागं जायला सांगितलं नाही. बाकीचे हलक्या टाळ्या वाजवत थांबले, मग ती परत तालात शिरली. पखवाज आता तिच्याकडेच राहील.

तुम्हाला क्षमा केली असं लिहायला बसलो होतो, ते लिहवत नाही. हा कागद देव्हाऱ्याखाली ठेवीन. एवढंच कबूल करतो, की त्या गुरुवारी खिडकीबाहेर अभंग संपेपर्यंत मी डोक्यावरच्या पोत्यावर बोटांनी तुमचा ताल धरला होता. हात थरथरत होता, पण एकदाही चुकलो नाही.