आमच्या घरात असलं काही नाही

बसवनगुडी, बेंगळूर
१२ ऑगस्ट १९९८

प्रिय त्रिविक्रम,

‘प्रिय’ हाताच्या सवयीनं पडलं. खोडत नाही, तुझ्यासाठी तेवढी तरी शाई का घालवू? नऊ वर्षं तुला ‘अहो’ म्हटलं, आता ‘तू’ म्हणते. मान द्यावा असं तुझ्यात काय आहे ते संसारात बरंच शोधलं, सापडलं नाही.

भूमिका चौदा वर्षांची झाली. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. माझ्याहून उंच, हातपाय नुसते लांबच लांब. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, जाड चष्म्यातून फळ्यावरचं वाचते. डावा गेला तो गेलाच. कसा गेला, ते तुला आठवत नसेल. तुला सोयीचं तेवढंच आठवतं.

दुसरीत होती ती. पुस्तक नाकाला लावायची, सपाट जमिनीवर अडखळायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, डोळे दाखवा. तू म्हणालास, ‘ढ आहे, अभ्यास टाळते.’ तुझ्या आईनं डोळ्यांत मध घातला. तू सहा महिने दर शनिवारी तिला मठातल्या भीमाचार्यांकडे अंगारा लावायला नेलंस. शेवटी तेच बिचारे म्हणाले, ‘अरे, हिला डॉक्टरकडे ने.’ तुला तेही पटलं नाही. मग एका सकाळी पोर डोकं धरून किंचाळायला लागली. डोळा लालबुंद, उलट्या. तू पेपरातून मान वर केलीस आणि म्हणालास, ‘स्वल्प कमी कर तुझी नाटकं.’ आठ वर्षांच्या मुलीला! मी रडले तर माझ्यावरच खेकसलास. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी तुला न विचारता मी तिला रिक्षात घातलं. डोळ्यांच्या डॉक्टर अंजलींनी डोळ्यात बॅटरी मारली आणि आधी मलाच ओरडल्या. डोळ्यातलं भिंग जागेवरून निसटून पुढे आलं होतं. दाब वाढून मागची नस मेली होती.

मग रक्त-लघवी तपासली. लाखात एखाद्या मुलाला होणारा जन्मजात आजार. भिंगाला धरून ठेवणारे धागेच त्यात कमजोर होतात. डॉक्टरांनी चित्र काढून आपल्याला समजावलं. अर्धा दोष आईकडून, अर्धा बापाकडून, दोन्ही मिळाले तरच मूल आजारी. आईबापांना स्वतःला काही होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चार घरांतच मुली दिल्या-घेतल्या की दोन्ही अर्धे एकत्र यायला वेळ लागत नाही. तू मान डोलावलीस, ‘सरी, सरी’, बरं बरं, म्हणालास आणि बाहेर पायरीवर मला सुनावलंस, ‘आमच्या घरात असलं काही नाही. हे तुझ्या माहेरचं.’ केवढा तो रुबाब!

वर्षभरात काडीमोड घेतलास. आणि ‘आपलंच रक्त, शुद्ध’ म्हणून लग्न कुणाशी केलंस? इकडे चालतं म्हणून सख्ख्या बहिणीच्या मुलीशी. तुझ्यात आहे तो अर्धा दोष तुझ्या बहिणीत आणि तिच्या मुलीत, स्मितामध्ये, असू शकतो, एवढं त्या चित्रावरून शाळकरी पोरालाही कळलं असतं. स्मिता तेव्हा एकोणीस-वीसची, मामाला नाही कशी म्हणणार? मी बातमी ऐकली आणि हसले. तू मूर्ख आहेस की भेकड, यावर बरेच दिवस विचार केला. आता वाटतं, दोन्ही. आणि त्याची किंमत दरवेळी दुसऱ्याच कुणीतरी द्यायची.

भूमिकाला एक साधी जीवनसत्त्वाची गोळी लागू पडली. रोज घेते, दूध, डाळ जपून खाते. रक्त आता बरं आहे. दोन वर्षं आधी सुरू झाली असती तर दोन्ही डोळे राहिले असते, असं डॉक्टर म्हणतात. हे वाक्य मी रोज ऐकते, मनातल्या मनात. तुला एकदाच ऐकवते.

मी चिकपेटात साडीच्या दुकानात कामाला आहे. परवा तिथं स्मिता आली, बरोबर तुमचा निहार. चार वर्षांचा, गोड आहे, तुझ्यासारखा मुळीच नाही. साडीचा काठ डोळ्याला चिकटवून बघत होता. हाक मारली तशी वळला, आणि त्याची बुबुळं थरथरली. भूमिकाची अशीच थरथरायची. मी स्मिताला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पोर पांढरीफटक पडली. म्हणाली, ‘अक्का, ह्यांना विचारल्याशिवाय मी त्याला कुठं नेऊ?’ म्हणून हे पत्र. तुझ्याशी बोलायची हौस नाही मला. येत्या मंगळवारी सकाळी दहाला डॉक्टर अंजलींकडे निहारचं नाव घातलं आहे. घेऊन ये. माझा अंदाज चुकला तर जन्मभर मला हस. तू आला नाहीस, तर बुधवारी मी तुझ्या कचेरीत येऊन सगळ्यांसमोर बोलेन, आणि हळू बोलणार नाही. भूमिकानं निरोप दिला आहे, तुला नव्हे, भावाला: डॉक्टर थेंब घालतील ते पहिल्यांदाच झोंबतात. डोळे मिटून दहा आकडे म्हणायचे, मग काही वाटत नाही.

तुझी कुणीच नसलेली,
मंदाकिनी