अकरा हिरवी झाडं

६ नोव्हेंबर
नववी-ब ला आज डार्विनचे पक्षी शिकवले. बेट वेगळं, खाणं वेगळं, म्हणून चोच वेगळी— यातूनच त्याला पुढे सगळं उमगत गेलं. पण गडी बेटांवर असताना कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, हेच लिहायला विसरला! मग जहाजाच्या कप्तानाने अन् त्याच्या स्वतःच्या नोकराने जमवलेले, बेटाचं नाव लावलेले पक्षी बघावे लागले. "एवढा मोठा माणूस अन् एवढा वेंधळा!" म्हटलं मी. पोरं हसली. मीही.

७ नोव्हेंबर
चैन नाही. तुकईथडला धाकट्या भावाच्या, नीलेशच्या केळीला मर रोग लागलाय. सगळी झाडं एकाच झाडाची नक्कल, एक मेलं की सगळीच— पण अकरा हिरवी आहेत! मी स्वतः मोजली. ती वेगळी निघाली तर? त्यांचेच कंद लावून बघायचे. नीलेश फोनवर म्हणतो, "ताई, छोड ना! नवीन रोपं बुक केली. सब एक जैसी, एक नंबर!" एक जैसी हीच तर गोची आहे, बाबा! भांडले. शेवटी एक कोपरा देतो म्हणाला. रविवारी बाग उपटणार.

९ नोव्हेंबर
मी गाढव आहे.

सकाळच्या बसने गेले. अकरा झाडांचे कंद आधी काढून बांधावर ठेवले. खूण? चिठ्ठी? छे, लक्षात राहील की! पाणी प्यायला विहिरीवर गेले, तेवढ्यात समाधानने जाळायचे रोगट कंद तिथेच आणून ओतले. मजूर माणूस, त्याला कुणी सांगितलं होतं? आता दीडशेचा ढीग, सगळे सारखे. निंदणीला येणारी सोजरबाई काहीतरी बोलायला आली अन् तशीच फिरली. नीलेशला सांगितलं नाही. बसमध्ये रडू आलं.

१० नोव्हेंबर
नुसत्या येरझाऱ्या. गप्प राहून लावले तर रोग पसरेल, त्याची नवीन रोपंही जातील.

११ नोव्हेंबर
सांगितलं. "तू बी ना, टीचर!" नीलेश एवढंच म्हणाला. डिझेल टाकून ढीग पेटवला.

१६ नोव्हेंबर
सोजरबाई तिच्या गावाहून, देडतलाईहून थेट माझ्या दारात! बसेचना. "ताई, रागावू नका. इहिरीजवळच्या तुमच्या त्या हिरव्या झाडाचा एक कंद मीनं दिवाळीआधीच नेला, न विचारता. मोरीमागं लावलाय. तुमचा ढीग पेटवला, तवापासून जीव राहीना." मग हळूच, "कोंब आलाय."

मी चपला शोधतेय.