भिवाने नामाला का मारलं

मंगळवार, ३ फेब्रुवारी १९८७

भिवाने नामाचं डोकं फोडलं! तुरुंगातल्या हौदावर, बादलीने. तीन टाके. दोघेही माझ्या कवितांच्या वर्गातले कैदी; आज वर्ग झालाच नाही.

भिवा — पन्नाशीचा, चार वर्षांत कधी आवाज न चढवलेला कैदी! पाच मार्चला त्याच्या मुलीचं, गोदाचं लग्न. पॅरोलचा अर्ज साहेबांकडे. साहेब म्हणाले, "गुरुजी, विद्यार्थी तुमचा. कारण शोधा. पटलं तर बघतो."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

हवालदार म्हणतो, पाण्यावरून. "इथं दुसरं काय असतं?" नामा डोक्याला पट्टी बांधून — "म्हातारा येडा झालाय, गुरुजी! मी कायच नाय केलं."

पण पाण्यासाठी भिवा चार वर्षं रांगेत शेवटी उभा राहिलाय. पाणी त्या दिवसापुरतं. त्याच्या खाली काय होतं?

मंगळवार, १०

भिवा शेवटी बोलला. मान खाली.

"तुमच्या वर्गान माझी ओळ चुकली. तुमी नामाला बोल्ले, धर याचा कान. माझे पोरीच्या वयाचा तो! सगले हसले. तुमी पन. मंग रोज — हौदावर, जेवताना — 'धर कान, धर कान!'"

हो. हसलो होतो.

कल्याणच्या आमच्या शाळेत असंच असे. चालीवर कविता चालायची, रस्त्यावरचा टांगेवाला ऐकत थांबायचा. चुकणाऱ्याचा कान बरोबर म्हणणाऱ्याने धरायचा. मधल्या सुट्टीत सगळं विसरून चिंचा! किती हौसेने मी ते इथे आणलं...

पण आम्हांला पाच वाजता घरी जाता यायचं. इथे हसणारे आणि ज्याला हसले तो, एकाच बराकीत झोपतात. महिनाभर चालू होतं ते.

गुरुवार, १२

साहेबांना पत्र. आधी लिहिलं, 'वर्गातील एका खेळामुळे'. खोडलं. 'माझ्यामुळे'.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "मन मोठं आहे तुमचं, गुरुजी. पण कान धरला म्हणून तीन टाके? हे मी वर काय लिहून पाठवू?"

सोमवार, २३

अर्ज नामंजूर.

गुरुवार, ५ मार्च

मानपाड्याला गोदाच्या लग्नाला गेलो. मांडवाच्या दाराशी भिवाची बायको, चंद्रभागा. अक्षता हातात देत म्हणाली, "तुमी कोन? नवऱ्यामुलाकडचे?"

"नाही," म्हटलं. "भिवा आज ज्याच्यामुळे इथे नाही, तो मी."