डिचोलीत पोचलेल्या बाटलीचा भाव

मी, कृष्णनाथ सदाशिव परब, वय त्रेसष्ट, धंदा कोकम सरबताचा कारखाना, राहणार डिचोली, पूर्ण शुद्धीवर असून व कोणाच्याही दडपणाखाली नसून (पत्नी शेजारी बसली आहे, पण गप्प आहे), आज हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी बांबोळीच्या इस्पितळात भरती होण्यापूर्वी हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. परत आलो तर फाडीन.

१. राहते घर. त्याचा निम्मा भाग गोव्याच्या कायद्याने पत्नी गंगा हिचाच आहे, तेव्हा तो मी देण्याचा प्रश्न येत नाही. माझ्या निम्म्यातून मुलांचा हक्क वगळून जे उरेल, तेही तिलाच.

२. कारखान्यातला माझा निम्मा हिस्सा मुलगा प्रमोद व मुलगी सेजल यांना समान. मात्र बाटल्यांच्या खरेदीवर सही सेजलची. प्रमोदने गेल्या महिन्यात परदेशी बाटल्यांचे दरपत्रक आणले आणि "बाबा, बेळगांवापरस सवाय!", म्हणजे बेळगावपेक्षा स्वस्त, म्हणून घरभर नाचला. एकोणनव्वद साली मीही असाच नाचलो होतो. बेळगावची बाटली तेव्हा अडीच रुपयांना होती, आणि परदेशातली एक रुपया सत्तर पैशांना.

तो भाव तिथल्या धक्क्यावरचा. त्यावर जहाजाचे भाडे, विमा, जकात, एजंट, मुरगावचे हमाल, डिचोलीपर्यंतचा ट्रक. मग फूट, फुटलेल्या बाटलीचे पैसे शाबूत बाटल्यांनी भरायचे असतात. शिवाय तोंडे एवढी रुंद, की आपली झाकणे आत पडत. झाकणेही तिकडूनच मागवली. डिचोलीत बाटली चार रुपये दहा पैशांना पडली, तीही रिकामी. प्रमोदने हा परिच्छेद पाठ करावा.

३. भाऊ बाबली, माझा तेव्हाचा भागीदार. माल मुरगावला उतरला तेव्हा तो म्हणाला, "दादा, देवीचो कौल मेळल्याबगर पेटी उगडूंक फावना." देवीला लावलेली पाकळी उजवीकडे पडली की होकार. पाकळी आठवडाभर हलली नाही. देवीला घाई नव्हती, आणि बंदरात थांबलेल्या मालाचे भाडे रोज चढत होते.

बाबलीने मला बुडवले, असे मी पाच वर्षे चारचौघांत सांगत आलो. पण मृत्युपत्रात हिशेब चोख हवा. ते भाडे बाटलीमागे चाळीस पैसे येते. कौल घेतला नसता तरी बाटली तीन रुपये सत्तर पैशांना पडली असती. म्हणजे बुडण्याचे काम मी एकट्याने आधीच उरकले होते.

बाबलीला काही ठेवत नाही. साक्षीदाराला वाटा देऊ नये असे वकील सांगतात, आणि साक्षीदार मला तोच हवा.

४. बेळगावचे बाटलीवाले सखारामशेट तेव्हा पोट धरून हसले होते. त्यांना गोठ्यात उरलेली एक परदेशी बाटली द्यावी. झाकण त्यांनी शोधावे.

येथे सह्या व्हायच्या होत्या. बाबलीने मजकूर वाचला, "थांब, कौल घेवन येतां," म्हणाला आणि देवळाकडे चालू लागला. टॅक्सी दारात उभी आहे, तिला थांबण्याचे पैसे पडतात, हे मी मागून ओरडून सांगितले. त्याने वळून पाहिले नाही. सुधारणार नाही, हेही नमूद करतो.

पुरवणी. बाबली आत्ता आला, घामाने भिजून. मी विचारले, "काय, सही करायला देवीची परवानगी मिळाली?"

"कागदाक कसलो कौल?" तो म्हणाला. "तुज्या आपरेशनाचो घेतलो. दादा, उजवो मेळ्ळो."

ती पाकळी त्याने माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली. मग त्याने उभ्याउभ्याच सही केली. अक्षर वेडेवाकडे असले तरी त्याचेच आहे. त्याच्यावर माझा जीव आहे, ही नोंद कोणत्याही कलमाखाली धरावी.

टॅक्सीवाला भोंगा वाजवतो आहे. बाबलीला मी बसवून घेतले आहे आणि गंगाने चहा टाकला आहे. थांबण्याचे भाडे चढते आहे. चढू दे.

लिहून देणार: कृष्णनाथ सदाशिव परब
साक्षीदार: १. बाबली सदाशिव परब २. देवकी नाईक, शेजारीण
डिचोली, १४ नोव्हेंबर १९९४