खिशात राहिलेली काळी गोटी

मी, वॉल्टर ब्रिंकरहॉफ, वय वर्षे ऐंशी, राहणार घर क्रमांक चौदा, एल्म रस्ता, हॉलिस फोर्ड, ओहायो, येथील कॉलेजातला लॅटिनचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणाला शंका असेल त्याने समोर बसून एक लॅटिन क्रियापद चालवून दाखवावं, मग मी दाखवतो, मग ठरवू कुणाचं डोकं कुठे आहे ते. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. उलट सकाळपासून मी इतका खुशीत आहे की वकील मिस्टर पॉमरॉय यांनी दोनदा विचारलं, "प्रोफेसर, काही घेतलंय का?" घेतली आहे, कॉफी. पण मेल्यावर एकाही बैठकीला बसावं लागणार नाही, हे कायद्याच्या भाषेत लिहिलेलं पाहून कुणाला उकळ्या फुटणार नाहीत?

यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती.

कलम १. बँकेतील सर्व ठेवी आणि माझी दिवंगत पत्नी एडिथ हिचे दागिने मुलगी क्लारा हिला द्यावेत. पुस्तकं तिला देऊ नयेत. "बाबा, माझं घर लहान आहे, आणि तुमची पुस्तकं खोकतात," असं ती म्हणाली आहे. घर दुसऱ्या कुणाला देण्याबद्दलही मी तिची परवानगी घेतली आहे.

कलम २. माझा पदवीदानाचा काळा झगा कॉलेजच्या नियोजन कार्यालयाला द्यावा. याच कार्यालयाने पाच वर्षांपूर्वी लॅटिन बंद केलं, कारण 'ग्राहकांकडून मागणी नाही'. अहो, विद्यार्थी ग्राहक नव्हे, वारस आहे. त्याच्यासाठी पूर्वज काय ठेवून गेलेत ते त्याला आधी दाखवायचं, मग नको म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. झग्याला कोपरावर भोक आहे. त्यातून एखादा विचार आत शिरला तर मला वरती कळवावं.

कलम ३. माझ्याच बाजूचे, म्हणजे जुन्याचे कैवारी, असे एक धनाढ्य माजी विद्यार्थी मला रेडिओवर न्यायला आले होते. सगळे प्राध्यापक कसे चोर आहेत ते मी सांगायचं होतं. मी विचारलं, "तुम्ही शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?" ते म्हणाले, "वेळ कुठे असतो?" अशांच्या हाती आमचं मत गेलं म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. छप्पर गळतंय म्हणून मी आयुष्यभर ओरडलो. घर पाडा असं कधी म्हटलं नाही. त्यांना माझं लॅटिनचं पहिलीचं पुस्तक द्यावं. चित्रं आहेत.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. लॅटिन बंद झाल्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी आठ विद्यार्थी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात. शंभर वर्षांहून जुनं एक पुस्तक मोठ्याने वाचायचं, भांडायचं, घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव खायचा. गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. तरी येतात! बर्फातही येतात. हे टेबल माझ्यामागे बंद पडू नये, एवढी एकच इच्छा मला खरोखर आहे. बाकीचं सगळं मृत्युपत्र तोंडी लावण्यापुरतं आहे.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर हे घर, टेबल आणि चार हजार पुस्तकं मी डॉ. रोझालिंड कोवाच यांना देत आहे, अट एवढीच की त्यांनी गुरुवार चालवावा.

गावात हे वाचून काहींना चक्कर येईल, त्यांना पाणी द्यावं. रोझालिंड क्लीव्हलँडच्या पोलाद कामगाराची मुलगी. संपांचा इतिहास शिकवते. तिची मतं आणि माझी मतं एका खोलीत ठेवली तर खिडक्या फुटतात. बैठकीत मी कशालाही विरोध केला की ती म्हणायची, "तुमचं चाललं असतं तर मी इथे नसतेच, वॉल्टर." पण या कॉलेजात शेवटच्या पानापर्यंत वाचून मग भांडणारी ती एकटीच उरली आहे. ती नाही म्हणाली तर टेबल संपलं. मग घर विकावं आणि पैसे नियोजन कार्यालयाला द्यावेत. बघू, कशी नाही म्हणते ते.

कलम ५. डॉ. कोवाच यांना एक काळी लाकडी गोटीही द्यावी. ती माझ्या तपकिरी कोटाच्या उजव्या खिशात आहे.

आमच्याकडे नवीन प्राध्यापक नेमताना गुप्त मतदान होई. प्रत्येकाला एक पांढरी आणि एक काळी गोटी. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एक पेटीत टाकायची, उरलेली थैलीत परत. १९८७ साली रोझालिंड मुलाखतीला आली. व्याख्यान झाल्यावर मी उठून एका तारखेबद्दल खवचट प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मला माहीत नाही. सोमवारी सांगते." मी खाली बसलो. हे वाक्य मी वीस वर्षांत कॉलेजात दुसऱ्यांदा ऐकलं होतं. पहिल्यांदा मीच बोललो होतो, तेही रस्ता विचारणाऱ्याशी. सोमवारी तिचा फोन आला. तारीख तिचीच चुकली होती, आणि तिने ते स्वतःहून सांगितलं.

आम्ही अकरा जण होतो. सहा पांढऱ्या, पाच काळ्या. मी पेटीत पांढरी टाकली आणि त्या भरात काळी तशीच खिशात गेली. नंतर ती परत करायला गेलो असतो तर माझं मत उघड झालं असतं. गुप्त म्हणजे गुप्त. मी नियम पाळणारा माणूस आहे, ते जाचक असले तरी.

याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. गोटी हरवल्याचा ठपका शिपाई अर्ल टिबेट यांच्यावर आला. त्यांनीच एक गोटी कमी आणली, असं ठरलं. एकच गोटी हातात पडलेला माणूस तिथेच बोंबलला नसता का, हे दहा विद्वानांपैकी एकालाही सुचलं नाही. अर्ल, माफ करा. माझी पिकअप गाडी तुमची.

आणि अर्थशास्त्राचे डेल हार्टसॉक! ते सहावं मत आपलंच, असं त्यांनी रोझालिंडला सुचवलं. तेव्हापासून दर नाताळात ती त्यांना आईच्या पद्धतीचा, अक्रोड भरलेला गोड रोल नेऊन देते. बत्तीस वर्षं! आयत्या बिळावर नागोबा. त्यांना माझ्याकडून काहीही देऊ नये, आणि ते मोठ्याने वाचून दाखवावं.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी चार वाजता. कागद न वाचता सही करेल असा साक्षीदार हवा म्हणून मी रोझालिंडलाच बोलावलं. मिस्टर पॉमरॉय दचकले. "यांना सही करता येणार नाही. ज्यांच्या नावे काही ठेवलंय ते साक्षीदार होऊ शकत नाहीत."

"माझ्या नावे?" रोझालिंड म्हणाली. "काय ठेवलंय, टोमणे?" आणि तिने कागद ओढून घेतला. ती शेवटच्या पानापर्यंत वाचते, हे कलम ४ मध्ये लिहून मीच विसरलो होतो.

"बत्तीस वर्षं मी त्या हार्टसॉकला रोल खाऊ घालतेय!"

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मतदान गुप्त होतं."

"अक्रोड आवडतात तुम्हाला?"

"फार."

ती हसायला लागली, चष्मा काढून हसली, आणि मग दोघांचेही डोळे गळायला लागले. मिस्टर पॉमरॉय सभ्यपणे खिडकीबाहेर बघत राहिले. तिने माझ्या कोटाच्या खिशातून गोटी काढली, उजेडात धरली आणि परत खिशात टाकली.

"राहू दे तुमच्याकडेच. आणि टेबल तुम्ही मेल्यावर कशाला? मी या गुरुवारी येते. पण एक आठवडा तुमचं पुस्तक, एक आठवडा माझं."

"तुझं म्हणजे संपवाल्यांचं?"

"संपवाल्यांचंच."

"शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे?"

"एकशे तीन."

मान्य. म्हणून कलम ४ मधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडून तिथे 'या गुरुवारपासून' असं घातलं आहे. मृत्युपत्रात असं चालत नाही, असं मिस्टर पॉमरॉय म्हणतात. चालेल.

(सही) वॉल्टर ब्रिंकरहॉफ

साक्षीदार:
१. लायल ग्रीनवॉल्ट, पोस्टमन (पत्र टाकायला आले होते)
२. मिसेस बर्निस यॉकी, शेजारीण
या दोघांच्या नावे यात काहीही ठेवलेलं नाही. दोघांनीही त्याबद्दल नाराजी नोंदवली आहे.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल, हॉलिस फोर्ड, ओहायो
दिनांक: १५ ऑक्टोबर २०१९, मंगळवार