पारव्याचं रक्त

प्रिय अजिनाथ,

आपल्या आण्णांना सध्या गिळता येत नाही आणि बोलताही येत नाही, हे आज सकाळी नगरच्या दवाखान्यात गिळण्या-बोलण्याचे उपचार करणाऱ्या निकिता मॅडमनी तपासून नक्की सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, म्हणून उजवं अंग आणि बोलणं गेलं. कळतं मात्र सगळं. फोनवर तुझा आवाज आला की माझ्या तोंडी शिव्या येतात, म्हणून ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाडीबरोबर हे पत्र तुझ्याकडे साखर कारखान्यावर पाठवतेय.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. ते तास घरात कसे गेले ते ऐक. मी नेवाशाहून पोहोचले तर दारं-खिडक्या बंद, आण्णांवर दोन घोंगड्या. अंगावरून वारं गेलंय, आता वारं लागू द्यायचं नाही म्हणे. सहादेवतात्यांनी पारवा कापून त्याचं गरम रक्त त्यांच्या हातापायाला, गालाला चोळलं होतं. ते वाळून चादरीला धरलेलं, कानाला पीस चिकटलेलं, तोंडावर माशा. आणि आपले हे चुलते उंबऱ्यात तंबाखू मळत मला सांगतात, "बाय, लई गुन हाय याचा. शिकलेल्यांना न्हाई कळायचं." लंकाकाकूंनी वर काढा पाजला होता. "निम्मा सांडला, निम्मा गेला की पोटात." पोटात नाही, तो फुप्फुसात गेला. न्यूमोनिया त्याचाच. मीच त्यांना दवाखान्यात आणलं, तिथे त्यांचं अंग पुसलं, तो वास अजून नखांत आहे.

दिवाळीपासून आण्णांनी बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या. "गोळी आजाऱ्यानं खायची, मी काय आजारी हाय व्हय?" असं पारावर सांगायचे आणि पारावरचे माना डोलवायचे. तेच लोक आता भेटायला येतात, नाकातली अन्नाची नळी बघतात आणि म्हणतात, अजून गुण न्हाई, घरी न्या. इथे नर्स त्यांना सारखं कुशीवर वळवतात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. मॅडम त्यांच्याकडून 'आ' म्हणवून घेतात. काल घशातून आवाज निघाला.

काल तात्यांना मी वाटेल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "माझ्यावर का तापती? अजिनाथनंच फोन केल्ता. पारवा लावा, मी येईस्तोवर दवाखान्यात हलवू नका म्हनला." अजिनाथ, मला तुझी किळस आली. रविवारी टेम्पोही तूच पाठवतोयस, नळी काढून आण्णांना परत त्या खोलीत न्यायला. तात्या हे सांगत होते तेव्हा आण्णांनी डाव्या हाताने माझा पदर धरला. नर्सनेही सोडवून पाहिला, सोडत नव्हते. तात्या माझं ऐकायचे नाहीत, तुझं ऐकतील. शनिवारपर्यंत त्यांना टेम्पो नको म्हणून फोन कर. नाही केलास तर टेम्पो येईल, आणि वॉर्डाच्या दारात मी उभी असेन.

तुझीच,
ज्योतीआक्का